ट्रक लाइनीचं पहिलं वर्ष: गाडी कोणती धरायची, मालक कसा पाहायचा आणि नवे पोट्टे कुठे फसतात

वावरात दोघा भावांचं भागत नाही, एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागलं तर आज आहे उद्या नाही, मग गावातला लाइनीवर असलेला कोणी म्हणते "चाल बे माझ्यासंग" आणि पोट्टा गाडीवर चढते. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, वरोरा, मलकापूर या विदर्भाच्या पट्ट्यातले किती तरी ड्रायव्हर असेच तयार झाले, त्यात वावगं काहीच नाही. गडबड पुढे होते. नवा माणूस मालकाला एकच विचारते, पगार किती. विचारायला पाहिजे, पगार कसा. महिन्याचा, खेपेचा का किलोमीटरचा, आणि गाडी दोन दिवस कंपनीच्या गेटवर उभी राहिली तर त्या दिवसांचं काय. कारण पैसा ज्या हिशोबानं भेटते त्याच हिशोबानं माणूस गाडी चालवते. खेपेवर पैसा असला की झोप महाग वाटते, ओव्हरलोड हलका वाटते अन् ब्रेकचं काम "पुढच्या खेपेला पाहू" होऊन जाते. पहिल्या वर्षातली बरीचशी लफडी इथूनच निघतात, म्हणून सुरुवात लायसनपासून करतो पण फिरून फिरून याच गोष्टीवर येईन.

लायसन आधी, स्टेअरिंग नंतर

ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वय २० पूर्ण लागते आणि त्याआधी साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन कमीत कमी एक वर्ष जुनं असावं लागते. म्हणजे १८ पूर्ण झाले की लगेच कारचं लायसन काढून ठेवा, गाडी घरी नसली तरी, नाही तर २० व्या वर्षी समजते की अजून एक वर्ष थांबायचं आहे. मग सारथी पोर्टलवर हेवीचं लर्निंग, डॉक्टरचा फॉर्म १-अ, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, आणि आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली, तरी अजूनही काही एजंट शाळेच्या दाखल्याच्या नावावर पैसे घेतात, देऊ नका.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगून टाकलं की ७,५०० किलोपर्यंतच्या ग्रॉस वेटची (गाडी अन् माल मिळून वजन) मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ यांच्यासाठी हेवीची वाट पाहायची गरज नाही. आयशरमध्ये मात्र वेगवेगळे मॉडेल आहेत, त्यामुळं आरसीवर ग्रॉस वेट वाचा, मालकाच्या तोंडावर जाऊ नका.

आता किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून शिकणाऱ्यांचं. उस्तादाच्या, म्हणजे मोठ्या ड्रायव्हरच्या, हाताखाली वर्षभर राहणं ही सगळ्यात चांगली शाळा आहे, रस्सी बांधणं, ताडपत्री, जॅक, ग्रीसिंग, कोणत्या गेटवर कोणता कागद दाखवायचा हे कोणतंच स्कूल शिकवत नाही. पण रात्री दोन वाजता उस्ताद म्हणते "घे बे थोडं, मी डोळा लावतो" तेव्हा लायसन नसेल तर सरळ नाही म्हणा. तुमच्या हातून कोणी मेलं तर इन्शुरन्स कंपनी समोरच्याला पैसे देऊन पुढे तेच मालकाकडून वसूल करू शकते, अन् मालक मग कोणाच्या घरी येऊन बसते ते सांगायला नको.

कोणती गाडी, कोणतं काम

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळेच "ट्रक ड्रायव्हर" म्हणत असले तरी एकेक काम म्हणजे वेगळीच नोकरी आहे.

कोळशाचा टिप्पर. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, उमरेड इकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, तिथून रेल्वे सायडिंगला, प्लँटला कोळसा नेणाऱ्या हायवा-टिप्परवर नवीन माणूस लवकर लागते कारण माणसं टिकतच नाहीत. फायदा हा की घराजवळ काम, गिअर-क्लच-रिव्हर्सचा हात पक्का होते, रोज तोच रस्ता. तोटा हा की बहुतेक ठिकाणी पैसा खेपेवर. एक खेप जास्त मारली की हातात जास्त, म्हणून सगळेच पळतात, धुळीत समोरचं दिसत नाही, अन् रस्त्याच्या कडेला गावं आहेत. शिवाय डाला (मागचा हौदा) वर करताना जमीन सपाट आहे का, वर वीजतार आहे का हे पाहिलं नाही तर टिप्पर आडवा होते किंवा करंट लागते. मी म्हणेन सहा महिने शिकायला ठीक, पण खेपेवर नाही, महिन्यावर घेणारा मालक शोधा. कमी आहेत, पण आहेत.

सिमेंट. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस इकडे सिमेंटचे मोठे प्लँट आहेत. बॅगांची गाडी आणि बल्कर (सुट्या सिमेंटची टाकीवाली गाडी) असे दोन प्रकार. इथं कंपनीत शिस्त असते, गेटवर हेल्मेट, बूट, जॅकेट, गाडीचे कागद, टायर सगळं तपासतात, नवीन माणसाला ही सवय पहिल्याच वर्षी लागली तर पुढे कुठंही अडचण येत नाही. पण नंबर लागायला वेळ लागते. गेटवर थांबलेल्या दिवसाचा भत्ता भेटते का, हा प्रश्न इथं सगळ्यात कामाचा.

मार्केट लोड, म्हणजे खुली गाडी, ट्रान्सपोर्टवाल्याकडून भाडं घ्यायचं अन् जिथं माल तिथं जायचं. आपल्याकडे हे सिझनवर चालते. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीन, मग कापूस अन् गठाणी (दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी) मार्चपर्यंत, वरुड-मोर्शी-काटोलचा संत्रा, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ. पैसा बरा पण सगळा अनियमित, परतीचं भाडं नाही भेटलं तर परमुलखात तीन-तीन दिवस गाडीखाली झोपणं आलं. संत्र्याला टाइमची लय घाई, माल दाबला अन् गरम झाला की सडते, व्यापारी फोनवर फोन करते, नव्या माणसानं पहिल्या सिझनमध्ये एकट्यानं हे घेऊ नये. कापसाच्या गठाणीचा हिशोब सोपा, एक गठाण १७० किलोची, म्हणजे १०० गठाणी झाल्या की १७ टन. पण वजनापेक्षा उंचीचा घोळ मोठा, गावातल्या लोंबत्या तारा, झाडाच्या फांद्या, अन् बिडी. कापसाच्या गाडीजवळ बिडी पेटवणारा हमाल असो का खुद्द मालक, हटवायचा.

कंटेनर-ट्रेलर हे पाहायला भारी वाटते, आर्टिक्युलेटेड (पुढे इंजिन, मागं जोडलेला ट्रेलर) गाडी मालासकट ५५ टनांपर्यंत जाते, नागपूरजवळच्या बुटीबोरीकडून अशा गाड्या निघतात तेव्हा पोट्टे पाहतच राहतात. पण ट्रेलरची रिव्हर्स अन् वळणावर मागचा भाग किती कापते हे कळायला दहाचक्क्यावर हात बसलेला असला पाहिजे. टँकरचं शेवटी सांगतो, ते पहिल्या वर्षाचं काम नाही.

पार्सल-कुरिअरची गाडी, नागपूरजवळच्या वाडी आणि कापसीच्या गोदामांतून निघणारी, टाइमटेबलवर चालते. कागद साफ, माल सीलबंद, शॉर्टेजची, म्हणजे माल कमी निघायची, कटकट कमी. मात्र रात्रीचं ड्रायव्हिंग जवळपास कायमचं, अन् उशिरावर दंड असला तर तो ड्रायव्हरवर लावतात का ते आधी विचारा.

अन् पिकअपला कमी लेखू नका. गावातून नागपूरच्या कळमना बाजारात भाजी, जनावराचा ढेप, किराणा. संध्याकाळी घरी जेवायला. पैसा कमी पण पहिल्या वर्षी लायसनवर एकही डाग न लागता हात बसवायचा असेल तर हे वाईट नाही, मित्र हसतील, हसू द्या.

चावी घेण्याआधीचं बोलणं

आपल्याकडे लाज वाटते. मालक ओळखीतला, काकाचा दोस्त, त्याला पैशाचं कसं विचारायचं. मग महिन्याच्या शेवटी कळते की अॅडव्हान्स कापला, शॉर्टेज कापला, चालान कापलं, हातात उरले चार दिडक्या. म्हणून पहिल्याच दिवशी, चहा पीत, हसत, पण पूर्ण विचारा:

- पैसा महिन्याचा का खेपेचा, आणि भत्ता वेगळा का त्यातच?
- गाडी लोडिंग-अनलोडिंगला उभी राहिली तर भत्ता चालू राहते का?
- डिझेलचं अॅव्हरेज किती धरलं आहे, कमी आलं तर कोण भरते?
- माल कमी भरला तर शॉर्टेज कोणाच्या डोक्यावर?
- ओव्हरलोडचं, टायरचं, कागदाचं चालान कोणाचं, अन् माझ्या चुकीचं कोणतं?
- किन्नर आहे का नाही? नसेल तर त्याचा पैसा मला भेटते का?
- इन्शुरन्समध्ये पेड ड्रायव्हर आणि क्लीनरचा प्रीमियम भरलेला आहे का?

शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही अन् सगळ्यात महत्त्वाचा तोच. पॉलिसीचा कागद मागून घ्या, त्यावर लिहिलेलं असते.

आता हिशोब. आकडे फक्त समजायला घेतो. एक मालक म्हणते महिना १५ हजार अन् गाडीवर असलेल्या दिवसाचा ४०० भत्ता. २६ दिवस झाले तर १०,४०० भत्ता, एकूण २५,४००. दुसरा म्हणते खेपेला ३ हजार, महिन्यात दहा खेपा आरामात होतात, म्हणजे ३० हजार. पोट्टा दुसऱ्याकडे जाते. पण गेटवर नंबर लागला नाही, पाऊस आला, टायर फुटला, खेपा सातच झाल्या तर २१ हजार, अन् त्यातच रोजचं खाणं. मग आठवी खेप मारायला माणूस रात्री झोपत नाही. पहिल्या मालकाकडे गाडी उभी राहिली की नुकसान मालकाचं, म्हणून तोच गेटवर फोन करून नंबर लावून घेते. दुसऱ्याकडे नुकसान तुमचं, त्याला काय पडलं आहे.

ओरिजिनल लायसन मालकाकडे ठेवायला देऊ नका. "ऑफिसला राहू दे" म्हणतात, मग काम सोडताना अडकवतात. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधलं दाखवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही. पगार बँकेत मागा, सगळा नाही तर थोडा तरी, कारण उद्या चांगल्या कंपनीत अनुभवाचा पुरावा मागतात तेव्हा पासबुकच दाखवता येते. कंपनीची गाडी असेल तर पीएफ अन् ईएसआयसी विचारा. २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून चालू करून ठेवा, अपघाती मृत्यूला २ लाख, तो मालकाच्या भरवशावर ठेवू नका.

सकाळचा फेरा

गाडी चालू करायच्या आधी एक चक्कर. पाच-सात मिनिटांचं काम आहे, अन् बहुतेक नवे लोक पहिले पंधरा दिवस करतात मग सोडून देतात.

टायर थंड असताना हवा तपासा. गरम टायरमधली हवा वाढलेली दिसते म्हणून काढून टाकणारे महाभाग आहेत, थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होते अन् कमी हवेचाच जास्त गरम होऊन फुटते. आपल्याकडे नवतप्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या वर जाते, त्यात सिमेंटचा रस्ता, तेव्हा ही गोष्ट जीवावरची आहे. जोडटायरच्या मधात अडकलेला गोटा काढा. एकाच एक्सलवर नायलॉन अन् रेडियल मिसळू नका. पुढच्या दोघांवर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर मालकानं चढवला असेल तर बोला, तिथं फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

हवेच्या ब्रेकला टाकीत प्रेशर पूर्ण भरू द्या, बझर बंद होईस्तोवर गाडी हलवायची नाही. टाकीतलं पाणी ड्रेन करा, पावसाळ्यात तर रोज. बीएस-६ गाडी असेल तर डीईएफ, आपण ज्याला युरिया म्हणतो, त्याची लेव्हल पाहा अन् रस्त्याच्या कडेला डबक्यात विकतात तो स्वस्तातला भरू नका. गाडीची ताकद कमी होऊन घाटात उभी राहते, वर सेन्सरचा खर्च असा येते की मालक दोन महिने त्याचंच ऐकवते.

मागचे लाइट, रिफ्लेक्टर पट्ट्या पुसा. फडका मारायला एक मिनिट लागते. आपल्या रस्त्यांवर रात्री मागून येणाऱ्याला उभा ट्रक दिसला नाही म्हणून गेलेले जीव कमी नाहीत.

कागद अन् काटा

आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, टॅक्स, हे एम-परिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये दाखवलं तरी चालते, पण संपायची तारीख तुम्ही स्वतः वाचा. मालाचे कागद वेगळे: बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती), इन्व्हॉइस, ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद). ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. गाडी बिघडली, दुसऱ्या गाडीत माल भरला तर पार्ट-बी मध्ये नवा गाडी नंबर टाकावा लागते, अन् मुदत संपत आली तर संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्यातच वाढवता येते. नवा पोट्टा ढाब्यावर झोपून जाते, सकाळी उठते तर मुदत गेलेली अन् चेकिंगला गाडी अडकली. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावणं तुमचं काम आहे, तो स्वतःहून पाहत नाही.

बिल्टीवर सही करण्याआधी माल मोजा, किंवा काट्यावर गाडी घाला. "साडेतीनशे बॅगा आहेत, कर सही" असं म्हटलं अन् उतरवताना ३४६ निघाल्या तर त्या चार बॅगा तुमच्या पगारातून. काट्याची पावती फोटो काढून ठेवा. फुटलेली बॅग, ओलं पोतं दिसलं तर बिल्टीवरच लिहून घ्या.

ओव्हरलोड. मालक म्हणते "दोन टनानं काय होते". २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार अन् वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे, जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा, अन् वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर ४० हजार. ते मालक भरेल असं समजू. पण ओव्हरलोडसाठी लायसन तीन महिने सस्पेंड होऊ शकते, मोबाईलवर बोलताना पकडलं तर तेच, मालाच्या गाडीत सवाऱ्या भरल्या तरी तेच, अन् लायसन मालकाचं नाही. पांढरकवड्याच्या फाट्यावर हात दाखवणाऱ्या दहा माणसांना वीस-वीस रुपयांत मागं बसवणं हे पुण्याचंही काम नाही अन् फायद्याचंही नाही, गाडी पलटली तर मागच्या लोकांचा इन्शुरन्स नसते.

झोप, घाट, ऊन

१९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) म्हणत होता, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, अन् सलग ५ तासांनंतर अर्धा तास आराम. लाइनीवर हे सांगितलं तर लोक हसतात. पूर्ण नाही पाळता आलं तरी पाच तासांचा अर्धा तास पाळा, अन् रात्री दोन ते पाच या वेळात शक्यतो गाडी उभी करा, या टाइमला शरीर झोपच मागते, चहा मागवा, तंबाखू चोळा, खिडकी उघडा, काही उपयोग होत नाही. ढाब्यावर काही जण गोळी, डोडा पुढे करतात. डोडा म्हणजे अफूचं बोंड, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात सरळ जेल. अन् त्यानं झोप जात नाही, झोप आल्याचं समजणं जाते.

समृद्धी महामार्ग. नागपूरच्या शिवमडक्यापासून निघालं की ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण चालू. वर्धा, धामणगाव, कारंजा लाड, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा असं करत विदर्भ कधी संपला ते कळत नाही. रस्ता इतका सरळ अन् रिकामा की डोळे उघडे राहून डोकं झोपते. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, ती गोष्ट आपल्याकडे कोणी विसरलं नाही. ट्रकनं डाव्या लेनमध्ये राहायचं, ओव्हरटेक करून परत डावीकडे यायचं, अन् झोप आली तर शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, गाडी लावून आडवं व्हायचं नाही, इंटरचेंजनं बाहेर पडा किंवा पंपावर जा. शोल्डरवरच्या गाडीत मागून दुसरा झोपलेला येते. गाडी बिघडून उभी करावीच लागली तर हजार्ड लाइट, अन् त्रिकोण मागं भरपूर लांब. गोटे अन् झाडाच्या फांद्या टाकून निघताना तशाच रस्त्यावर सोडून जाणारे वेगळे, तसं करू नका, मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावरच पडते.

घाट आपल्याकडे मोठे नाहीत म्हणून लोक हलक्यात घेतात. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट, बुलडाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट, मेळघाटातले वळणं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं ही जुन्या उस्तादांनी लावलेली सगळ्यात वाईट सवय आहे. अॅव्हरेजवर बक्षीस देणारा मालक असला की ही सवय अजून पक्की होते, बघा पैसा कुठं कुठं स्टेअरिंग धरते. गिअरमध्ये इंजिन गाडीला अडवते, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, लायनर तापतात अन् तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल दाबून काहीच होत नाही. ज्या गिअरनं चढलो असतो त्याच गिअरनं उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा, अन् गिअर घाट लागायच्या आधी टाकायचा. उतारावर बदलायला गेलं अन् गिअर बसला नाही तर न्यूट्रलमध्येच अडकतो.

गावरस्त्याचं वेगळंच. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेली असते, हिवाळ्यात धुक्यात बिनलाइटची कापसाची ट्रॉली अन् बैलबंडी, पेंचकडे जाताना रानडुक्कर. चिडून उपयोग नाही, आपलाच बाप ती सोयाबीन वाळवून राहिला असते. रात्री गावाजवळ ४० च्या वर जाऊ नका, एवढंच.

उन्हाळ्यात पाणी प्या. लघवीला थांबावं लागते म्हणून पाणी न पिणारे ड्रायव्हर मुतखडा घेऊन घरी येतात. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांत एसी केबिन कंपनीकडूनच येणं सक्तीचं झालं आहे. दोन नोकऱ्यांत पैसा सारखा असेल तर नवी गाडी धरा, मे महिन्यात फरक कळते.

ठोकलं तर

गाडी बाजूला, चावी काढा, हजार्ड लावा. १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. कायद्याचं कलम १३४ म्हणते की ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था केली पाहिजे, पण जमाव अंगावर येत असेल तर ते शक्य नव्हतं हे कायदाच मान्य करते. म्हणजे मारायला लोक धावले तर जीव वाचवून निघणं हा गुन्हा नाही, मात्र सरळ जवळच्या ठाण्यात जा, २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. घरी जाऊन लपणं, मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या ड्रायव्हरला उभं करणं, हे दोन्ही तुम्हाला जास्त खड्ड्यात घालते. जानेवारी २०२४ चा तो ड्रायव्हरांचा संप आठवत असेल, ठोकून पळणाऱ्याच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून झालेला. नवा कायदा (भारतीय न्याय संहिता) जुलै २०२४ ला लागू करताना ते कलम बाजूला ठेवलं गेलं, पण पळून जाणाऱ्यावर आधीच्या कायद्यानंही केस होतेच.

फोनवर फोटो काढा, दोन्ही गाड्या, रस्ता, ब्रेकच्या खुणा. मालकाला अन् इन्शुरन्सला त्याच दिवशी कळवा. ठाण्यात लिहिलेलं वाचल्याशिवाय सही नाही, मराठीत आहे, वाचता येते.

पैसा, घर, अन् "स्वतःची गाडी"

अॅडव्हान्स उचलायची सवय लागली की मालक बदलता येत नाही, हे इतकं साधं आहे. लग्न, बहिणीचं बाळंतपण, बियाणं, सगळं मालकाकडून घेतलं की तुम्ही त्याच्याकडे पगारावर नाही, उधारीवर काम करून राहिले. मग तो खेपेचा रेट कमी करो का खराब टायर देवो, तोंड उघडत नाही. पहिल्या वर्षी एका महिन्याच्या भत्त्याएवढा पैसा बाजूला पडला तरी मालकासमोर आवाज बदलते.

अन् स्वतःची गाडी. सहा महिने झाले की फायनान्सवाला ढाब्यावर भेटतेच, "जुना दहाचक्का आहे, डाउन पेमेंट थोडंसं". करू नका. तुम्हाला अजून फक्त चालवणं आलं आहे, भाडं आणणं, ट्रान्सपोर्टवाल्याकडून थकलेले पैसे काढणं, दर वर्षीचा इन्शुरन्स, जुन्या गाडीचं दर वर्षीचं फिटनेस, टायरचा सेट, हे सगळं मालक पाहते म्हणून दिसत नाही. हप्ता मात्र पावसाळ्यात गाडी उभी असतानाही येते, अन् मग तुम्हीच तुमचे खेपेवाले मालक. वावर गहाण टाकून घेतलेल्या गाड्या ओढून नेताना मी पाहिल्या आहेत. तीन-चार वर्षं एकाच रूटवर काढा, तिथले पाच व्यापारी नावानं ओळखू द्या, मग विचार करा.

वर्ष झाल्यावर

आता टँकर. नागपूरजवळ खापरी, अकोल्याकडे गायगाव इथले पेट्रोल-डिझेलचे डेपो आपल्याला माहीत आहेत. पैसा अन् शिस्त दोन्ही बरी, घरी यायचे दिवस ठरलेले, पण ज्वालाग्राही मालासाठी लायसनवर वेगळी नोंद लागते, त्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग, अन् एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागते, कारण ट्रेम कार्ड (मालाचा धोका अन् अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) वाचायचं असते. इंग्रजी कच्चं असेल तर हे वर्ष त्यासाठी वापरा, मोबाईल आहेच हातात. अर्धी भरलेली टाकी वळणावर कशी ढकलते हे पहिल्या वर्षाच्या हाताला झेपत नाही, म्हणून म्हटलं नंतर.

एसटी महामंडळाची भरती निघाली तर हेवी लायसन, बॅज (सवाऱ्यांची गाडी चालवायचा आरटीओचा बिल्ला) अन् अनुभव लागते, जाहिरात नीट वाचून भरा, पैसे घेऊन लावून देतो म्हणणाऱ्याला गावाबाहेरूनच परत पाठवा. लायसनवर सस्पेन्शनचा डाग असला तर चांगल्या कंपन्याही मागं सरतात.

ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत आता ५ वर्षं आहे, ज्वालाग्राही मालाच्या नोंदीची ३ वर्षं, अन् ती वाढवताना एक दिवसाचा रिफ्रेशर करावा लागते. रिन्यूअल संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येते, संपून एक वर्षाच्या वर गेलं तर परत टेस्ट. मुदत संपलेल्या दिवसापासून तुम्ही बिनलायसनचे, पूर्वीसारखी ३० दिवसांची सूट आता राहिली नाही. पोळ्याला किंवा दिवाळीला घरी आले की कार्ड काढून तारीख पाहा, अन् डॉक्टरकडे जातच असाल तर डोळे अन् बीपी त्याच दिवशी तपासून घ्या.